गाठीपाशी बोट

मार्चच्या शेवटी सोलापुरात दुपारी तीनला वर्गातला पंखा गरम हवाच खाली ढकलत असतो. खिडकीबाहेर पूर्व भागातल्या यंत्रमागांची खटखट, आत एम.एस्सी.चा वर्ग, आणि फळ्यावर एक फास, पाण्यावरच्या एका एकट्या लाटेचा वक्र: य² = क्ष²(४ − २क्ष). डावीकडून दोन फाटे येतात, शून्यबिंदूवर एकमेकांना कापतात, उजवीकडे थेंबासारखे फुगतात आणि क्ष = २ पाशी वळून मिळतात. एक मुलगी उठून फळ्यापाशी आली. तिनं छेदावर बोट टेकवलं, फासावरून गर्रकन फिरवून परत तिथेच आणलं. सेकंदही लागला नाही. “सर, एवढासा तर रस्ता आहे. मग लाटेची शेपटी अनंतापर्यंत का जाते?” उत्तर दिलं गेलं: इंटिग्रल अनंताला जातं म्हणून. उत्तर चूक नव्हतं. तिनं मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, बोटाचा खडू ओढणीला पुसला आणि जागेवर जाऊन बसली.

नंतर विचार केला तेव्हा कळलं, तो तिचाच प्रश्न होता, फक्त पूर्णविराम लावून परत दिलेला.

खरं उत्तर त्या फासावरच लिहिलेलं आहे, फक्त बोट सावकाश फिरवायला हवं. उथळ पाण्यातल्या लाटेसाठी जे केडीव्ही (कोर्टवेग-डी व्ह्रीस) समीकरण, त्यात आकार न बदलता एका वेगानं सरकणारी लाट धरली आणि दोनदा इंटिग्रेट केलं की उरतं ते असं: उताराचा वर्ग म्हणजे उंचीचं एक त्रिघाती बहुपद. उंचीला क्ष म्हणा, उताराला य म्हणा. लाटेवरची प्रत्येक जागा या वक्रावरचा एक बिंदू होते आणि लाटेच्या कडेकडेनं चालणं म्हणजे वक्रावरून चालणं. इथे घड्याळाचं काम अंतर करतं. चालण्याचा वेगही वक्रच ठरवतो, कारण क्ष बदलण्याचा दर म्हणजेच य. म्हणजे जिथे य लहान, तिथे चाल मंद. आता फासावर य शून्य होतो अशा दोन जागा आहेत. एक उजवं टोक, म्हणजे लाटेचा माथा. दुसरा तो छेद, म्हणजे लाटेपासून दूरचं निवांत पाणी. दोन्हीकडे वेग शून्य, मग माथा ओलांडता येतो आणि छेद का नाही? माथ्यापाशी य हा उरलेल्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. वर फेकलेला चेंडू शेंड्यावर क्षणभर थांबून खाली येतो, तसं तिथे वळण मिळतं. छेदापाशी मात्र य उरलेल्या अंतराच्याच प्रमाणात घटतो, या उदाहरणात बरोबर दुप्पट. जितकं जवळ जाल तितकी चाल मंद. दर १.१५ एकक अंतरात उरलेली वाट फक्त एक दशांश होते. सेंटिमीटरवरून मिलिमीटरवर यायला जेवढं लागतं, तेवढंच मिलिमीटरवरून त्याच्या दहाव्या भागावर यायला. छेदावर दोन फाटे सरळ रेषांसारखे एकमेकांना कापतात, यातच हे सगळं आलं. वळायला जागाच नाही.

या छेदाला पुस्तकं नोड म्हणतात. आपल्याकडे गाठ हा शब्द आहे, आणि तो जास्त खरा आहे.

गाठ कशी पडते हे पाहायचं तर ती पडण्याआधीचा वक्र पाहावा लागतो. त्रिघाती बहुपदाची तीन मुळं वेगवेगळी घ्या: सगळ्यात लहान ०, मधलं जरासं वर, मोठं २. आता वक्राचे दोन तुकडे आहेत. डावीकडे अनंताला गेलेला एक फाटा, आणि उजवीकडे मधल्या व मोठ्या मुळामध्ये एक सुटं कडं. त्या कड्यावर कुठेच अडकायला होत नाही, म्हणून बोट फिरतच राहतं आणि लाटही फिरून फिरून तीच येते: माथा, दरी, माथा, दरी. पूर्व भागातल्या जुन्या जेकार्डवर छिद्रं पाडलेल्या पत्त्यांची साखळी अशीच गोल फिरते. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पत्ता, साखळी संपली की नक्षी पहिल्यापासून. चादरीवरचा मोर किती अंतरानं पुन्हा येणार ते पत्त्यांची संख्या ठरवते. वक्राचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो एकदा हातानं करून पाहावा असाच आहे. मधलं मूळ १ असताना दोन माथ्यांतलं अंतर ३.७१ येतं. ते ०.०२ वर आणलं तर ७.३९. त्याच्याही शंभरपट खाली, ०.०००२ वर, ११.९८. आणखी शंभरपट खाली, १६.५९. फट शंभर पटीनं आवळावी तेव्हा माथे एकमेकांपासून जेमतेम ४.६ नं लांब जातात. एवढ्या कंजूषपणानं वाढत वाढत, फट पूर्ण मिटली की अंतर अनंत होतं. मधल्या काळात माथ्याचा आकार जवळपास तसाच राहतो: उंची २, अर्ध्या उंचीवरची रुंदी १.७६, वेग ४. बाकीचे मोर क्षितिजापलीकडे गेले आणि एकच उरला, त्याला आपण सॉलिटॉन म्हणतो.

म्हणून “एकटी लाट” हे नाव मला नेहमी अपुरं वाटतं. ती एकटी जन्माला आलेली नाही; तिच्या शेजारच्या सगळ्या लाटा गाठीत गेल्या आहेत.

गाठ चुकीच्या जागी मारली तर काय होतं, हेही विद्यार्थ्यांना करू द्यावं. धाकटं आणि मधलं मूळ एकत्र आणण्याऐवजी मधलं आणि मोठं एकत्र आणा. कडं आवळत आवळत एक ठिपका होतं, लाटेची उंची मरते, आधी नाजूक साइन लहर आणि मग सपाट पाणी. वक्राच्या अंगानं पाहिलं तर हीसुद्धा गाठच, बीजगणिताला दोन्ही सारख्या. फरक फक्त वास्तव संख्यांत दिसतो. एका गाठीचे फाटे डोळ्यांना दिसतात, दुसरीचे काल्पनिक आहेत. कित्येकदा मुलं बहुपद नीट लिहितात, दोन मुळं बरोबर जुळवतात आणि उत्तर म्हणून स्थिर संख्या आली की समीकरणात चूक शोधत बसतात. चूक समीकरणात नसते, जोडी चुकलेली असते. आणि तिन्ही मुळं एकाच जागी दाबली तर गाठसुद्धा राहत नाही, टोकदार काटा उरतो: य² = −२क्ष³. त्याची लाट म्हणजे अंतराच्या वर्गानं भागलेले उणे दोन. समीकरण ती तंतोतंत पाळते, पण शून्यापाशी ती खोल विहिरीत पडते. पाण्यावर अशी लाट कुणी पाहायची नाही. तरी ती टाकाऊ नाही, कारण १९२३ साली बर्चनॉल आणि चाँडी यांनी जे दाखवलं त्याचं सगळ्यात हाताशी असलेलं उदाहरण तिच्यातूनच येतं. दोन विकलक (विकलन करणाऱ्या क्रिया) क्रमनिरपेक्ष असतील, म्हणजे कोणताही आधी लावला तरी तेच उत्तर येत असेल, तर ते एका बहुपदी समीकरणानं बांधलेले असतात. या लाटेतून दुसऱ्या कोटीचा एक आणि तिसऱ्या कोटीचा एक असे विकलक मिळतात, आणि दुसऱ्याचा वर्ग पहिल्याच्या घनाएवढा भरतो. म्हणजे काटाच. सॉलिटॉन हा शब्द जन्माला यायला तेव्हा चार दशकं बाकी होती.

शिकवण्याचा क्रम इथे मला खटकतो. पुस्तक उघडावं तर १८३४ चा स्कॉटलंडमधला युनियन कालवा, घोड्यावरून लाटेमागे मैल-दोन मैल गेलेला स्कॉट रसेल, मग केडीव्ही, मग “असं उत्तर धरून पाहू” म्हणत हायपरबोलिक सेकंटच्या वर्गाचं सूत्र, आणि खूप नंतर, प्रगत म्हणून शिक्का मारलेल्या प्रकरणात, वक्र. १८९५ च्या मूळ निबंधात कोर्टवेग आणि डी व्ह्रीस यांनी आवर्ती लाटाही मांडल्या होत्या, याकोबीच्या सीएन फलनावरून त्यांना नॉइडल हे नाव दिलं होतं, आणि एकटी लाट त्यांच्याच टोकाला आहे हेही दाखवलं होतं. गाठ पहिल्याच पानापासून होती. १९६५ साली झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर लाटा एकमेकींतून आरपार जाताना पाहिल्या आणि सॉलिटॉन हे नाव दिलं, तेही आवर्ती पाण्यावर, वर्तुळासारख्या मिटलेल्या पट्टीवर. आपण मात्र आधी अनंत रेषा पसरतो आणि मग शेपटी अनंतापर्यंत का जाते असं विचारणाऱ्या मुलीला इंटिग्रल दाखवतो.

एका गाठीचं हे झालं. काल्पनिक संख्याही धरल्या की वक्र म्हणजे भोकं असलेला पृष्ठभाग होतो, आणि दोन लाटांसाठी दोन भोकांचा वक्र लागतो: यचा वर्ग बरोबर पाच अवयवांचा गुणाकार. रेषेवर पाच बिंदू मांडले की जिथे गुणाकार धन तो पट्टा, जिथे ऋण ती फट: पट्टा, फट, पट्टा, फट, आणि शेवटी अनंतापर्यंतचा पट्टा. (मागच्या कड्याजवळची मिटणारी फट म्हणजे इथला पट्टा.) फटी मिटवल्या तर सपाट पाणी. दोन छोटे पट्टे मिटवले तर दोन सॉलिटॉन. गाठी पडण्याआधीचं पूर्ण उत्तर १९७५ साली इत्स आणि मात्वेयेव्ह यांनी लिहिलं, नोव्हिकोव्ह आणि दुब्रोव्हिन त्याच वाटेवर होते, आणि क्रिचेव्हरनं थोड्याच काळात ते दोन दिशांच्या पाण्याला, केपी समीकरणाला, लागू केलं. लाट म्हणजे रीमानच्या थीटा फलनाच्या लॉगचा दुसरा विकलज, त्याची दुप्पट, अधिक एक स्थिर संख्या. थीटा ऐकून माणसं घाबरतात, पण ती फक्त एक बेरीज आहे: पूर्णांकांच्या जाळीवरच्या प्रत्येक बिंदूसाठी एक घातांकी पद, घातात एक वर्गी भाग आणि एक सरळ भाग. वर्गी भाग आवर्त-सारणीतून, म्हणजे पीरियड मॅट्रिक्समधून येतो, आणि ही सारणी वक्राच्या भोकांभोवती फिरून मिळते. पट्टा मिटू लागला की सारणीच्या कर्णावरच्या संख्या उणे अनंताकडे निघतात, लॉगच्या त्याच कंजूष गतीनं.

इथे हमखास दोन चुका होतात. पहिली: कर्ण उणे अनंताला नेला आणि बेरीज पाहिली तर सगळी पदं मरतात, नुसतं १ उरतं, १ चा लॉग शून्य, लाट गायब. लाट मेलेली नसते, नजरेच्या कक्षेबाहेर गेलेली असते. कर्णाबरोबर तिची जागाही अनंताकडे सरकते. म्हणून मर्यादा घेण्याआधी प्रत्येक दिशेला कर्णावरच्या संख्येच्या निम्म्यानं सरकून घ्यायचं. मग घातात कर्णसंख्येला न(न − १) च्या निम्म्यानं गुणलेलं असतं, न म्हणजे जाळीतला त्या दिशेचा पूर्णांक. न शून्य किंवा एक असेल तर ते शून्य, बाकी सगळीकडे पद मरतं. अनंत जाळीतले फक्त घनाचे कोपरे वाचतात: दोन गाठींना चार पदं, तीन गाठींना आठ. १ + पहिली लाट + दुसरी लाट + दोघींचा गुणाकार, त्याला एक गुणक. १९७१ साली हिरोतानं नेमकी हीच चार पदं कोणत्याही वक्राशिवाय, हिकमतीनं शोधून काढली होती. दुसरी चूक संगणकावर होते. सारणी काढताना भोकांभोवतीचे फेरे “अ” आणि “ब” अशा जोड्यांत वाटावे लागतात; मिटणाऱ्या कड्याला “ब” फेरा धरलं आणि त्याला छेदणाऱ्याला “अ”. मग कर्ण उणे अनंताला न जाता शून्याकडे येतो, बेरीज शेकडो पदं घेऊनही स्थिरावत नाही, आणि आकृतीत नुसती वळवळ दिसते. फेऱ्यांची अदलाबदल केली की तोच वक्र, तेच उत्तर, मोजक्या पदांत.

आणि तो गुणक. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तिथे आहे. सगळ्या गाठी पडल्यावर वक्राला भोकं उरत नाहीत, तो साधी रेषा होतो, फक्त तिच्यावरचे काही बिंदू जोडीनं एकमेकांना बांधलेले. केडीव्हीसाठी १ ला −१ बांधा, २ ला −२ बांधा. पहिली गाठ म्हणजे उंची २, वेग ४ ची लाट. दुसरी म्हणजे उंची ८, वेग १६ ची. बांधलेला आकडा हाच लाटेचा सगळा स्वभाव: त्याच्या वर्गाची दुप्पट उंची, चौपट वेग, आणि तो जितका मोठा तितकी लाट अरुंद. मोठी लाट मागून येते, लहानीला गाठते, दोघी क्षणभर एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा सुट्या होतात, उंची-रुंदीला ओरखडाही न येता. फक्त जागा बदलतात. मोठी ०.५५ पुढे सरकलेली असते, लहान १.१० मागे. मोठीचं पाणी ८, लहानीचं ४. ८ गुणिले ०.५५ आणि ४ गुणिले १.१० सारखेच, एकूण पाण्याचा तोल जराही ढळत नाही. हे आकडे येतात त्या गुणकातून, जो इथे १/९ आहे, आणि १/९ म्हणजे १, −१, २, −२ या चार बिंदूंचं तिर्यक गुणोत्तर. दोन गाठींची चार टोकं एकमेकांपासून किती लांब आहेत, एवढंच. लाटा भेटल्यावर काय होणार हे पाण्याला विचारावं लागत नाही.

दोन दिशांच्या पाण्यात बिंदू कोणालाही बांधता येतात, ३ ला १, ४ ला २. पण इथे पुन्हा जपावं लागतं. १ ते ३ आणि २ ते ४ हे अंतराल एकमेकांवर अर्धे चढलेले आहेत. गुणक काढला तर −१/३ येतो. गुणक उणे, म्हणजे चार पदांची बेरीज कुठेतरी शून्य होणार आणि लाटेची उंची तिथे अनंत. अंतराल एकमेकांच्या बाहेर किंवा पूर्ण पोटात असतील तरच ही चार पदं सुरक्षित. अर्धवट चढलेल्या गाठींसाठी वेगळी बेरीज लागते, सहा पदांची, आणि तिच्यातून लाटांच्या मधोमध चौकट उघडणारी नक्षी निघते. सातोनं १९८१ साली ग्रासमानियन नावाचं भौमितिक अवकाश आणून या सगळ्या बेरजा एका छताखाली घेतल्या. कोडामा आणि विल्यम्स यांनी कोणती नक्षी कधी उमटते याची यादीच लावली. आणि हे फक्त कागदावर नाही: २०१२ साली अब्लोविट्झ आणि बाल्डविन यांनी मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाच्या सपाट किनाऱ्यांवर घोट्याएवढ्या पाण्यात अशा एक्स आणि वाय आकाराच्या लाटांचे फोटो प्रसिद्ध केले. सिद्धेश्वर तलावात खडा टाकून असं काही दिसेल ही आशा धरू नये. तिथल्या लहरींच्या मानानं पाणी खोल आहे, लहरी पसरतात आणि विरतात. उथळपणा हवा, लाट पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच लांब हवी.

उलट दिशेचा प्रवास मला जास्त थक्क करतो. चार भोकांच्या वक्राची आवर्त-सारणी दहा संख्यांची असते, पण असे वक्र मात्र नऊ संख्यांतच संपतात. मग हाती आलेली सारणी खरोखर एखाद्या वक्राची आहे की नुसती आकड्यांची, हे ओळखायचं कसं? शॉट्कीचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातला. नोव्हिकोव्हचं म्हणणं होतं, थीटा बेरीज करा आणि लाट होते का पाहा: केपी समीकरण पाळलं तर वक्राची, नाही तर नाही. १९८६ साली शिओतानं ते सिद्ध केलं. म्हणजे वक्र आहे की नाही याचा निकाल लाट देते. या कहाणीचा एक धागा आपल्याकडेही आहे: १९७८-७९ च्या हिवाळ्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मम्फर्ड यांनी थीटावर व्याख्यानं दिली, आणि ती छापून आली तेव्हा थीटा आणि या लाटांच्या नात्याला त्यांत एक अख्खा खंड मिळाला. सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं अशा ठिकाणी हे फळ्यावर लिहिलं जात होतं.

मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो, विणकर दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारतो आणि ती इतकी बारीक ठेवतो की चादरीवर हात फिरवला तरी कळू नये. वक्रावर मात्र गाठ लपवून चालत नाही. तिथेच बोट थांबवून पाहावं लागतं.

पुढच्या तासाला फळ्यावर तोच फास पुन्हा काढला. या वेळी शेजारी एक पट्टी आखली, तिच्यावर १.१५ च्या अंतरानं खुणा. त्या मुलीला म्हटलं, बोट ठेव, पण वेग मी सांगेन तसा. माथ्यावरून ती सहज वळली. मग मी खूण म्हणायची वाट पाहत ती उतरू लागली: एका खुणेला वीतभर, दुसऱ्या खुणेला बोटभर, तिसऱ्याला नखभर. पाचव्या खुणेला तिचं बोट आणि छेद यांच्यात खडूच्या रेघेच्या जाडीएवढंही अंतर नव्हतं. बाहेर माग चालूच होते. ती म्हणाली, “सर, सांगा ना पुढची,” आणि बोट तसंच ठेवून उभी राहिली.